सात नळांचा स्वेटर

"आज दिवसभर अंगातून काढायचा नाही," बायको म्हणाली आणि तिने स्वेटर वायसररावांच्या डोक्यातून खाली ओढला.

वायसरराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. धंद्याने ते प्लंबर. कुणाच्याही घरच्या कुठल्याही नळाला काहीही झालेलं असो, ते आधी डोळे मिटून सांगत, "वायसर गेलाय." नळाच्या पोटातली ती रबरी चकती दहापैकी नऊ वेळा खरोखरच गेलेली असे. त्यामुळे नाव चिकटलं आणि धंदाही चालला.

डोकं स्वेटरमधून बाहेर आलं. वायसररावांनी कपाटाच्या आरशात पाहिलं. राखाडी स्वेटरच्या छातीवर एका ओळीत सात काळी पिस्तुलं होती आणि प्रत्येकाच्या खाली एक लाल थेंब.

"नळ आहेत," बायको म्हणाली. "तुमच्या धंद्याला शोभतील असे. मोजून सात."

"आणि हे लाल?"

"पाण्याचा थेंब. निळी लोकर संपली."

नळ कागदावर काढला असता तर नळच दिसला असता. पण लोकरीला गोलाई जमत नाही, टाके पडतात ते चौकोनी. त्यामुळे आडव्या नळीची बंदुकीची नळी झाली होती, खाली वळलेल्या तोंडाची मूठ झाली होती आणि वरच्या चावीचा घोडा. नळ आहे असं सांगितल्यावर नळ दिसत होता. पण रस्त्यावर भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगणार कोण?

हे बायकोला बोलून दाखवायला वायसररावांना तोंड नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो त्यांच्या मोरीत होता. गावभरचे नळ बंद करणाऱ्या या माणसाच्या घरचा नळ दोन वर्षं गळत होता. बायकोने सांगितलं की ते म्हणत, "बघतो." पाच-सहा महिन्यांपूर्वी त्याच ओल्या फरशीवरून बायको घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. त्यानंतर तरी त्यांनी नळाला हात लावायचा. पण आता दुरुस्त करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, म्हणून ते मोरीत जाताना नळाकडे पाहीनासेच झाले. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा, काहीतरी विणा. एरवी हाती घेतलेलं काहीही अर्ध्यावर सोडणाऱ्या त्या बाईने चार महिने बसून हा स्वेटर पुरा केला. मधूनच सुया खाली ठेवून ती मनगट चोळत बसे, ते वायसररावांनी दाराआडून पाहिलेलं होतं. तिचं मन मोडण्यापेक्षा तुरुंगात गेलेलं बरं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"कसा झालाय?"

"झकास. नळच नळ."

"पिशवीत अर्ध्या इंचाचा वायसर आहे ना?" बायकोने विचारलं.

"आहे की. का गं?"

"सहज. आणि डबा आज नाही हं, हात दुखतोय. दोन्ही शर्टसुद्धा भिजत घातलेत. स्वेटर आहेच अंगात."

बाहेर थंडी मी म्हणत होती आणि स्वेटरच्या आत फक्त बनियन होतं. वायसररावांनी पाने-पकडींची पिशवी खांद्याला लावली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला दीड हात लांबीचा पाइप काखेत मारला आणि ते निघाले.

बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ते चढले आणि जागा झाली. खिडकीजवळचा एक गृहस्थ उठून म्हणाला, "बसा, बसा, मला उतरायचंच आहे," आणि पुढे सात थांबे उभाच राहिला. शेजारच्या बाईंनी आपली पर्स मांडीवरून काढून पदराखाली घेतली. पिशवीतला पाना खडखडला की पुढच्या चार रांगा मागे वळून पाहत आणि लगेच पुढे बघत.

"साध्या वेशातला पोलीस असेल," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"साधा वेश असा असतो होय?" दुसऱ्याने विचारलं.

वायसररावांनी काखेतला पाइप छातीशी आडवा धरून नळ झाकायचा प्रयत्न केला. त्यासरशी उरलेली अर्धी बस पुढच्या थांब्यावर उतरली.

पहिलं काम तिसऱ्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघरातला नळ बंद होत नाही, लवकर या, असा एका बाईंनी आदल्या दिवशी फोन केला होता. वायसररावांनी घंटी वाजवली. दारातल्या भिंगामागे अंधार झाला आणि तसाच राहिला.

"कोण आहे?"

"प्लंबर."

"आम्ही बोलावलं नाही."

"अहो बाई, कालच तुमचा फोन होता. नळ बंद होत नाही म्हणून."

"झाला बंद."

"आतून पाण्याचा आवाज येतोय की."

आत जरा वेळ नुसतंच पाणी वाहिलं. मग बाई म्हणाल्या, "तो टीव्ही आहे. तुमच्या स्वेटरवर काय आहे?"

"नळ."

"नळातून रक्त येतं?"

"ते पाणी आहे. निळी लोकर संपली."

"अहो, ऐकलंत का," बाई आत कुणाला तरी हळूच सांगू लागल्या, "म्हणतोय लोकर संपली. साखळी लावा." साखळी लागल्याचा आवाज आला, पाठोपाठ दोन कड्या, आणि शेवटी काहीतरी जड सामान दाराला टेकवल्याचा.

वायसरराव जिन्यात उभं राहून विचार करू लागले. मग त्यांनी स्वेटर काढला, उलटा केला आणि पुन्हा घातला. आतल्या बाजूने नुसते काळे दोरे लोंबत होते. ध्यान दिसत होतं, पण ध्यानाला कुणी साखळी लावत नाही. त्यांना हायसं वाटलं. पुढचं काम चौकातल्या दातांच्या दवाखान्यात होतं, तिकडे ते ताठ मानेने निघाले. दवाखान्याच्या समोरच औषधांचं दुकान होतं आणि त्या दुकानात त्यांची मेव्हणी कामाला होती, हे मात्र त्यांच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

"भावोजी!" गल्ल्यावरून हाक आली. "ताईनं जीव ओतून विणलाय आणि तुम्ही उलटा घालून फिरताय?"

"अगं, घाईत..."

"ताईचा सकाळीच फोन आलाय. म्हणाली, दिसतात कसे ते बघून ठेव. संध्याकाळी विचारणार आहे ती मला."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वायसररावांनी खांबाआड जाऊन स्वेटर सुलटा केला आणि ते जीव मुठीत धरून तिच्यासमोर उभे राहिले. "काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"नळ," मेव्हणी म्हणाली. ती इतक्या चटकन म्हणाली की वायसररावांना जरा शंकाच आली. पण ती लगेच कुणाला तरी खोकल्याचं औषध देऊ लागली आणि ते दवाखान्यात शिरेपर्यंत त्यांच्यावर एक डोळा ठेवून राहिली. आता स्वेटर उलटा करायची सोय नव्हती.

दवाखान्यात सहाजण गाल धरून बसले होते. वायसरराव आत आले तसे सहा हात गालांवरून खाली आले. वायसरराव तसे मितभाषी. त्यात सकाळपासून ते बावरलेले, त्यामुळे काउंटरवरच्या बाईंशी ते अगदी खालच्या आवाजात बोलले.

"डॉक्टर आत आहेत?"

"क... का?"

"मी आलोय म्हणून सांगा. कशासाठी ते त्यांना ठाऊक आहे."

बाई हलल्या नाहीत. त्यांची भीड चेपावी म्हणून वायसरराव म्हणाले, "पाच मिनिटांचं काम आहे. आवाजसुद्धा होणार नाही." आणि पाइप मोकळा करायला त्यांनी वर्तमानपत्र सोडायला घेतलं.

"माझी दाढ थांबली," एक पेशंट उठून म्हणाला. बाकीच्या पाचांच्याही दाढा त्याच क्षणी थांबल्या. दवाखाना रिकामा झाला, बाई काउंटरखाली दिसेनाशा झाल्या आणि खालून त्या कुणाला तरी पत्ता सांगत असल्याचं ऐकू येऊ लागलं. वायसररावांना वाटलं, आणखी कुठलं काम असेल. ते वाट बघत बसून राहिले.

आला तो हवालदार. त्याने त्यांना फुटपाथवर नेलं आणि पिशवी रिकामी करायला लावली. पलीकडच्या बाजूला सहाही पेशंट मेव्हणीच्या दुकानासमोर उभे राहून बघत होते.

"हे काय?"

"पाइप."

"हे?"

"पाना. ते टेप, ती पकड, आणि या डबीत वायसर."

"आणि हे?" हवालदाराचं बोट छातीकडे वळलं.

"नळ आहेत, साहेब," वायसरराव म्हणाले. सकाळपासून हे वाक्य कुणाला पटलं नव्हतं आणि आता ते त्यांचं त्यांनाही पटेनासं झालं होतं.

हवालदार वाकला. नाक लोकरीला लागेल इतक्या जवळून त्याने सातही नळ पाहिले. "पिस्तुलं मी रोज बघतो," तो म्हणाला. "पिस्तुलाच्या डोक्यावर चावी नसते. हे नळच आहेत." वायसररावांना त्याला मिठी मारावीशी वाटली. जगात एक तरी माणूस डोळस होता.

"पण गळतायत," हवालदार म्हणाला.

"वायसर गेलाय," वायसरराव सवयीने बोलून गेले.

"कुठला नळ बघून विणलंय हे?"

"आमच्या मोरीतला."

"तुम्ही प्लंबर."

"हो."

"आणि तुमच्याच घरचा नळ गळतोय. किती दिवस?"

"दोन वर्षं."

हवालदार सरळ झाला आणि त्याने खिशातून वही काढली. "आता मला संशय येतोय," तो म्हणाला. "घरचा नंबर द्या."

वायसररावांनी नंबर दिला आणि त्याचा हातच धरला. "साहेब, माझं काय करायचं ते करा. पण तिच्यापुढे पिस्तूल हा शब्द काढू नका. मोडक्या हाताने विणलंय तिने, चार महिने. तिला वाटतंय जग त्यात नळ बघतंय." हवालदाराने मान डोलावली. मग त्याने फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला.

"ताई, चौकातून हवालदार बोलतोय. घाबरू नका, नेहमीची चौकशी आहे. तुमचे मिस्टर काय करतात?"

"प्लंबर आहेत असं म्हणतात," फोनमधून आवाज आला.

"म्हणतात म्हणजे?"

"घरात तसा काही पुरावा नाही." मग थोडं थांबून, "त्यांची पिशवी आहे का बरोबर?"

"आहे."

"मग त्यांना पिशवीसकट घरी पाठवा."

हवालदाराने फोन बंद केला. "सरळ घरी," तो वायसररावांना म्हणाला. "वाटेत कुठे थांबायचं नाही."

वायसरराव घरी पोचले तेव्हा दीड वाजला होता. इतक्या वर्षांच्या धंद्यात ते दुपारी दीडला घरी आल्याचं कुणाला आठवलं नसतं. टेबलावर ताटं मात्र दोन मांडलेली होती. बायको खिडकीशी विणायला बसली होती.

"लवकर आलात," ती म्हणाली. "मग? काय म्हणाले लोक?"

"लोक ना?" वायसररावांनी घसा साफ केला. "अगं, बघतच राहिले. बसमध्ये उठून जागा दिली. दवाखान्यात तर सगळे उभे राहिले. हवालदारसुद्धा म्हणाला, नळ म्हणजे नळ." यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"बरं झालं," बायको म्हणाली आणि हसू दाबायला तिने तोंड फिरवलं. त्या गडबडीत तिच्या टोपलीला पाय लागला आणि टोपलीतून एक गुंडा घरंगळत वायसररावांच्या बुटापाशी येऊन थांबला. गुंडा निळ्या लोकरीचा होता. चांगला मोठा, न उलगडलेला.

वायसररावांनी गुंड्याकडे पाहिलं. मग दोन ताटांकडे पाहिलं. मग भिजत घातलेले शर्ट आठवले, अर्ध्या इंचाचा वायसर आठवला, मेव्हणीचा एक डोळा आठवला. ते हळूहळू खुर्चीवर बसले.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"तिसऱ्या नळालाच कळलं, भलतंच दिसतंय म्हणून. उसवणार होते."

"मग?"

"मग म्हटलं, असल्या माणसाला कोण घरात घेईल? दुपारचाच परत येईल. हातात पिशवी, बाहेर उजेड. दोन वर्षांत एकदा तरी असं जुळून आलं होतं का?" तिने मनगट चोळलं. "मग निळी लोकर ठेवली बाजूला."

मोरीतून थेंब पडल्याचा आवाज आला, मग दुसरा.

"मला लाज वाटत होती," वायसरराव म्हणाले.

"ठाऊक आहे. तुमच्या लाजेपायी माझा दुसरा हात जायचा होता."

वायसरराव उठले, पिशवी घेऊन मोरीत गेले आणि त्यांनी नळ खोलला. वायसर गेला होता. अकरा मिनिटांत त्यांनी तो बदलला, नळ घट्ट केला, फरशी कोरडी पुसली, आणि थेंबाची वाट पाहत कितीतरी वेळ तिथेच उकिडवे बसून राहिले. थेंब आला नाही. बाहेर येऊन त्यांनी बायकोचा उजवा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"सोडा, टाका चुकेल," ती म्हणाली. पण तिने हात काढून घेतला नाही.

तेव्हा कुठे वायसररावांचं सुयांकडे लक्ष गेलं. टोपी विणायला घेतलेली दिसत होती. राखाडी पट्टीवर काळ्या लोकरीत काहीतरी उमटत होतं. त्याला खालून एक मूठ होती. बाजूला लाल लोकर तयार ठेवलेली होती.

"हे काय आहे?" त्यांनी सावध होऊन विचारलं.

"ओळखा," बायको म्हणाली.

वायसररावांनी चित्राकडे उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. मग जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवून, पाना हातात घेऊन ते घरभर फिरू लागले. मूठ असलेलं काय काय मोडलेलं आहे, ते एकेक तपासत.