जीप दौऱ्यावर आहे

"तीन लाख किलोमीटर पळाली आमची जीप, अन् अजून तिले पाना लागला नाही," असं गुल्हाने साहेब अकोल्याच्या बैठकीत सांगून बसले आणि तिथेच घात झाला.

बैठक पिकांच्या परिस्थितीची होती. त्या वर्षी कपाशीवर लाल्या आला होता. पानं लाल होऊन गळत होती, बोंडं पिचकत होती आणि दिल्लीचं पथक येणार म्हणून अख्खं वऱ्हाड रस्त्याकडे डोळे लावून बसलं होतं. मोठ्या साहेबांनी सरळ विचारलं, तुमच्या पाहणी कक्षाने किती गावं पाहिली? ओमप्रकाश गुल्हान्यांना गावांची नावं आठवेनात, म्हणून त्यांनी किलोमीटर सांगितले. मोठे साहेब गहिवरले. एवढ्या राबलेल्या जीपचं मोठं सर्व्हिसिंग झालंच पाहिजे, म्हणाले. दिल्लीकर तिच्यातच फिरतील. सोमवारी इंजिनिअर येईल, मीटर बघेल आणि इंजिन उघडायला घेऊन जाईल.

मागे भिंतीला टेकून ड्रायव्हर अब्दुल सत्तार उभे होते. जीप कुठे कुठे गेली हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? सकाळी राजापेठेतून साहेबांना आणायचं, संध्याकाळी नेऊन सोडायचं, मधल्या वेळात साहेबांच्या मुलीची ट्यूशन, भाजी, दळण. बाकी दिवसभर ती भातकुली रोडवरच्या ऑफिसमागे कडुनिंबाखाली उभी. चिखलदरा, धारणी, अंजनगाव, सगळं तिने कागदावर पाहिलेलं. त्या दौऱ्यांचं डिझेल साहेबांच्या शेतातल्या पाण्याच्या इंजिनात जात असे, त्यामुळे त्या पट्ट्यात हिरवीगार कपाशी तेवढी साहेबांच्याच वावरात होती. आणि प्रत्येक दौऱ्याखाली सही सत्तारभाईंची. महिनाअखेर ते रिटायर होणार होते. आता यातून अंगावर काही न येता पेन्शन हातात पडावी, एवढंच त्यांचं अल्लाकडे मागणं होतं.

परतताना मूर्तिजापूर आलं. तिथे चहाला थांबल्यावर साहेबांनी विचारलं, "मीटरवर किती हाये, सत्तारभाई?"

"अठ्ठ्याण्णव हजार. ते बी बारा वर्षांत."

"मंग तीन लाख कसे दाखवाचे?"

"मले काहून विचारता साहेब? बैठकीत तुमीच पळवली."

"सही कोनाची हाये?"

सत्तारभाईंनी चहा अर्धाच ठेवला.

वाट काढली शाकीबने. शाकीब म्हणजे सत्तारभाईंचा भाचा, राजापेठेतला मेकॅनिक. मीटरला सील आहे, ते उघडता येणार नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं. मग म्हणाला, "पन मामू, मीटरले आकडे पाचच हायेत. नव्याण्णव हजार सरले का पुन्हा शून्यापासून. एकदा शून्य दिसलं का ते पयल्यांदा आलं का तिसऱ्यांदा, हे कोनाचा बाप सांगू शकत नाही."

म्हणजे काम उरलं फक्त दोनेक हजार किलोमीटरचं. सत्तारभाई म्हणाले, मी आत्ता निघतो, रस्त्यावर काढतो. साहेब घाबरले. कक्षाची जीप रस्त्यावर दिसली तर गावोगावचे लोक आडवे होतील, आमच्या वावरात चाला म्हणतील. त्यापेक्षा ती जागच्या जागीच पळवावी.

शनिवारी शाकीबने जीपची मागची चाकं जॅकवर उचलली, पुढच्या चाकांना विटा लावल्या, टॉप गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटरवर एक वीट ठेवली. जीप उभ्या उभ्या धारणीच्या दौऱ्यावर निघाली. थोड्या वेळात रेडिएटर उकळलं, कारण गाडी पळत असली तरी तिला वारा लागत नव्हता. मग साहेबांच्या केबिनमधला कूलर ओढून जीपच्या तोंडापुढे ठेवला. आता कूलरला पाणी हवं आणि ऑफिसचा नळ पोळ्यापासून कोरडा. सत्तारभाई बादली घेऊन तारेपलीकडच्या विहिरीवर गेले.

विहीर माणिकबाईची. तिची कपाशी ऑफिसच्या तारेपासूनच सुरू व्हायची आणि शेवटच्या ओळीपर्यंत लाल झाली होती. पाहणी झाल्याशिवाय पंचनामा नाही आणि पंचनाम्याशिवाय मदत नाही, म्हणून ती दसऱ्यापासून ऑफिसात खेटे घालत होती. साहेबांनी तिला नियम समजावून दिला होता. आठ किलोमीटरच्या आत दौरा धरता येत नाही, दौरा नाही तर जीप नाही आणि जीप नाही तर पाहणी नाही. "मंग आठ किलोमीटरचा फेरा मारून या ना बापा," असंही ती म्हणाली होती. पण तेव्हा जीप कागदोपत्री चिखलदऱ्याला होती.

आता इंजिनाचा आवाज ऐकून ती सत्तारभाईंच्या मागोमाग तारेतून आत शिरली.

"गाडी सुरू हाये तं चाला साहेब. हे काय माह्यं वावर."

"गाडी दौऱ्यावर हाये, माणिकबाई."

"मले तं इथंच दिसून राहिली."

"चाकं फिरून राहिली का नाही?"

"फिरून राहिली."

"मंग झालं तं."

माणिकबाईने फिरती चाकं पाहिली, कूलर पाहिला. मग सत्तारभाईंना विचारलं, "आता कुठलोक गेली असन, भाऊ?"

"परतवाडा सोडला असन," सत्तारभाई खाली मान घालून म्हणाले.

"तिकडच्या बायाईले सांगजा, माणिकबाई वाट पाहून राहिली म्हना."

रविवारी दुपार कलली तरी शून्य थोडं दूरच होतं. साहेब मीटरसमोर बसून कंटाळले होते. सत्तारभाई नमाजला जाताना बजावून गेले, "कायलेच हात लावू नका, साहेब." साहेबांनी धीर धरला, सत्तारभाई फाटकाबाहेर जाईपर्यंत. मग त्यांनी ॲक्सिलरेटरवर दुसरी वीट ठेवली आणि जीप कशी पळते ते बघायला खाली उतरले.

जीप थरथरली. जॅक सरकला. चाकं जमिनीला लागताच तिने पुढच्या विटा ओलांडल्या, कूलर आडवा केला, तार तोडली आणि माणिकबाईच्या कपाशीत शिरली. कक्ष सुरू झाल्यापासून जीप शेतात जायची ही पहिलीच वेळ. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत कसून पाहणी केली. वाटेत ढेकळांवरून उसळत दोनदा वळली, त्यामुळे एकही भाग सुटला नाही. शेवटी बांधाला अडली, तरी चाकं काळ्या मातीत फिरतच राहिली. सत्तारभाई धावत पोचले तेव्हा मीटरवर सगळी शून्यं जमली होती.

माणिकबाई बांधावर उभी होती. "आले एकदाचे," ती म्हणाली. "पाहा आता."

सोमवारी इंजिनिअर आला. जीप वावरात काय करते आहे, त्याने विचारलं. पाहणी, साहेब म्हणाले. इंजिनिअरने मीटर पाहिलं, शून्यं पाहिली, सील शाबूत पाहिलं. तीन लाख मान्य केले.

"तीन लाख," तो म्हणाला, "अन् एकबी सर्व्हिसिंग नाही? सरकारी गाडीची अशी हेळसांड? गाडी कोनाच्या ताब्यात होती?"

"सही पाहा ना," गुल्हाने साहेब म्हणाले.

सत्तारभाई दोन्हीकडून अडकले. जीप कुठेच गेली नाही म्हणावं, तर बारा वर्षांच्या खोट्या सह्या स्वतःच्या. गेली म्हणावं, तर हेळसांड. चौकशी होईपर्यंत पेन्शन थांबवली आहे, असं त्यांना निरोपाच्या हारासोबतच कळवण्यात आलं.

माणिकबाईने तुडवलेल्या कपाशीचा अर्ज दिला. उत्तर लवकर आलं. सदर रविवारी सदर जीप धारणीच्या दौऱ्यावर होती, सबब तिने आपल्या शेतात नुकसान केल्याचा प्रश्न उद्भवत नाही.

जीप बांधावरून काढायला बैल मात्र माणिकबाईचेच लागले. पुढे तिचं मोठं सर्व्हिसिंग झालं, नवा रंग लागला आणि दिल्लीचं पथक तिच्यात बसून ऑफिसमधून निघालं. ती माणिकबाईच्या वावरासमोर बंद पडली. पथकाने उतरून हातपाय मोकळे केले, विहिरीचं पाणी पिऊन थंड आहे म्हटलं, आणि दुसरी गाडी आल्यावर ते पुढे गेलं.