एका मॅचची माणसं

आमच्या शेवडेकाकांकडे बेसबॉलच्या पन्नास खेळाडूंची कार्डं आहेत आणि त्या पन्नासांतला एकही खेळाडू तुम्हाला माहीत नाही. मलाही नव्हता. अमेरिकेतल्या लोकांनाही नाही. काकांना नेमकं तेच पाहिजे असतं.

बेसबॉलचं कार्ड म्हणजे पत्त्याएवढा पुठ्ठा. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याचे आकडे. लोक मोठमोठ्या स्टारची कार्डं जमवतात. काकांची अट वेगळी. मोठ्या लीगमध्ये जन्मात एकच मॅच खेळलेला माणूस पाहिजे. दुसरी खेळला की बाद. शिवाय कार्डावर त्याची सही पाहिजे. त्यासाठी त्या माणसाचा पत्ता शोधायचा, पत्र लिहायचं, कार्ड आत घालायचं, परतीच्या पाकिटाला तिकीटही आपणच लावायचं आणि मग सहा महिने रोज मेलबॉक्स उघडून बघायचा.

"एक म्हणजे एक," हे काकांचं ब्रीदवाक्य.

मी बार्शीचा. नोकरीसाठी मिशिगनमध्ये ट्रॉयला आलो आणि काकांचं बेसमेंट भाड्याने घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितले. "पार्किंग एक. चावी एक. आणि गर्लफ्रेंड असेल तर..."

"एक म्हणजे एक?" मी म्हटलं.

"नसलेली बरी, म्हणणार होतो."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'ए बार्शी'. माझं खरं नाव त्यांनी फक्त लीजवर वाचलंय. गेल्या गणपतीत मंडळाच्या प्रोग्रॅममध्ये मी त्यांची नक्कल केली. मान वाकडी करून, चष्म्यावरून बघत, "एक म्हणजे एक." हॉल लोळला. काका पहिल्या रांगेत बसले होते. मी म्हटलं, आता बेसमेंट गेलं. तर नंतर मला गाठून म्हणाले, "माझी मान उजवीकडे वाकते. तू डावीकडे वाकवलीस. परत कर." पार्किंग लॉटमध्ये उभं करून त्यांनी माझ्याकडून दोनदा करून घेतली.

पन्नास कार्डं जमवायला काकांना एकोणीस वर्षं लागली. गेल्या हिवाळ्यात पन्नासावं आलं तेव्हा काकूंनी पेढे केले. शेजारच्या अमेरिकन आजींना पेढा देताना काका काय सांगत होते देव जाणे, त्या बाईंनी काकूंना नातू झाला म्हणून काँग्रॅट्स केलं.

आणि जुलैत बॉम्ब पडला. अल्बममधला एकेचाळीस नंबरचा टोबी. पिचर. पिचर म्हणजे आपला बॉलर, पण तसं काकांपुढे म्हणायचं नाही. आठ वर्षांपूर्वी हा टोबी एकच मॅच खेळला होता. मग गावोगावच्या छोट्या टीममध्ये बॉल टाकत राहिला. आता एका मोठ्या टीमचे दोन पिचर जखमी झाले आणि त्यांनी टोबीला परत बोलावलं. तो मैदानात उतरला की दोन मॅच. काकांचे एकोणपन्नास.

त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. काका रोज मॅच लावायचे आणि टीव्हीपुढे उभे राहायचे. सोमवारी टोबी उतरला नाही. मंगळवारी उठून वॉर्मअप करायला लागला, तर काकूंनी कुकरचा गॅस बंद केला, शिट्टीने काही बिघडू नये म्हणून. मग तो परत बसला.

"काका, नियम जरा लूज करा ना," मी म्हटलं. "एक किंवा दोन. कुणाला कळतंय?"

"मग तीन का नको? चार का नको?"

"अहो, एकट्या टोबीपुरतं."

"एकोणीस वर्षं बार्शी, एकोणीस. तुझ्या मिसरुडाआधीपासून." आणि अल्बम मिटून आत गेले.

काकू मला हळूच म्हणाल्या, "जेवत नाहीयेत नीट. कार्ड ठेवलं तर नियम मोडतो, काढलं तर अल्बम मोडतो. तूच काहीतरी कर बाबा."

मी काय करणार? बुधवारी टोबीची टीम आमच्या शेजारीच, डेट्रॉइटला खेळायला आली. दुपारची मॅच. सकाळी काका बुटाच्या नाड्या बांधून बेसमेंटच्या दारात. "हाफ डे टाक. ड्राइव्ह तू करायचंस. माझं रस्त्यावर लक्ष राहायचं नाही."

आम्ही बसलो ते थेट बुलपेनच्या वर. राखीव पिचर वॉर्मअप करतात ना, ती जागा. टोबी खाली बाकावर बसलेला. फोटोपेक्षा टक्कल जास्त, दाढीत पांढरं. काका कठड्याला धरून बसले. मी हॉट डॉग आणला, त्यांनी तो हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. नऊपैकी सातव्या इनिंगला बुलपेनमधला फोन वाजला, कोचचा. टोबी उठला आणि बॉल टाकायला लागला. काकांचे ओठ हलत होते. मीही डोळे मिटून बार्शीच्या भगवंताला हात जोडले.

"तू काय मागतोयस?" काका म्हणाले.

"कोचने दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं म्हणून."

"गाढवा."

त्यांनी शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं. आत टोबीचं कार्ड होतं. "सकाळीच काढलं अल्बममधून. नियम म्हणजे नियम. पण तो उतरायला पाहिजे."

कार्डाबरोबर घडी घातलेला एक कागद होता. काका प्रत्येकाला पत्रात काय लिहितात हे मी कधी विचारलंच नव्हतं. सहीशिवाय ते एक प्रश्न विचारायचे, "त्या दिवशी तुम्हाला बघायला घरचं कोण आलं होतं?" बहुतेकांनी आई, बायको, सगळं गाव, असं काहीबाही कळवलं होतं. टोबीने लिहिलं होतं, "कोणी नाही. आईबाबांची गाडी हायवेवर बंद पडली. ते पोचले तेव्हा मॅच संपून मैदानात पाणी मारत होते. आता ते दोघंही नाहीत."

"मी सिटिझनची शपथ घेतली ना," काका खाली बघतच म्हणाले, "तेव्हा तुझी काकू नागपूरला होती, तिची आई आजारी. हॉलमध्ये सगळ्यांचे घरचे. ज्याचं नाव घेतील त्याच्यासाठी एक घोळका उठायचा. माझं नाव घेतलं. सगळं शांत. मग मागून एका बाईने टाळ्या वाजवल्या. कोण होती, काय होती, परत दिसली नाही."

खाली बुलपेनचं दार उघडलं. टोबी धावत मैदानात निघाला. स्पीकरवर त्याचं नाव घेतलं. मैदान डेट्रॉइटचं, टीम पाहुण्यांची. कोण टाळ्या वाजवणार? आमच्या पुढचा माणूस पॉपकॉर्न आणायला उठला.

काका उभे राहिले. हॉट डॉग माझ्या मांडीवर ठेवला आणि टाळ्या वाजवायला लागले. दोन रांगा वळून बघायला लागल्या. एक पोरगा ओरडला, "राँग टीम, सर."

"उठ, बार्शी," काका म्हणाले. "त्याने चुकून इकडे बघितलं तर?"

मी उठलो. मस्टर्ड पँटवर सांडलं. टोबी मधल्या मातीवर गेला, टोपी सारखी केली, बुटाने माती उकरली. त्याने इकडे बघितलं नाही. काका टाळ्या वाजवत राहिले, पहिला बॉल पडेपर्यंत.