बर्फातलं लग्न

महरीनच्या लग्नाची शेवटची दुरुस्ती जमाल होडेकरने बर्फाच्या कारखान्यात बसून केली, कारण त्या दिवशी रत्नागिरीच्या अख्ख्या मिरकरवाडा बंदरात लाइट असलेली तेवढी एकच जागा होती. भारनियमन सकाळी सुरू झालं ते संपायचं नाव घेत नव्हतं. कारखान्याला जनरेटर होता आणि मुनीम ओळखीचा होता. जमालने मुनिमाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, तेव्हा बर्फ फोडणारे, पेट्या भरणारे आणि ज्यांचा तिथे काही संबंध नव्हता असे सगळे त्याच्यामागे येऊन उभे राहिले.

साल होतं २००४. बँकेतला कॉम्प्युटर मिरकरवाड्याने पाहिला होता. तो बंद असतो हेही सगळ्यांना माहीत होतं. पण मांडीवर मावणारा आणि लग्न कापणारा कॉम्प्युटर कुणी पाहिला नव्हता. जमाल सतरा वर्षं लग्नांचं शूटिंग करत होता. शूटिंग रत्नागिरीत आणि मिक्सिंग मुंबईत, हा त्या धंद्याचा नियमच होता. कॅसेटी रेक्झिनच्या पिशवीत घालून तो एस.टी.ने जाई. तिथल्या खोलीत भिंतभर मशिनं आणि त्यांच्यापुढे एक उग्र माणूस. नंबर लागेपर्यंत बाकड्यावर बसायचं, आणि एकदा कापलं की कापलं. नवऱ्याची मावशी राहिली असं नंतर आठवलं, तर तिथून पुढचं सगळं पुन्हा करावं लागे. त्यामुळे रत्नागिरीतल्या कित्येक मावश्या कायमच्या राहून गेल्या होत्या.

"आता ही मावशी बघा," जमाल म्हणाला. "खान्याच्या पंगतीत बसलीय ना? हिला उचलली. निकाहच्या आधी ठेवली."

मावशी खरोखरच निकाहच्या आधी जाऊन बसली. बर्फ फोडणारा माणूस हातोडा हातात तसाच धरून पुढे सरकला.

"आता परत पंगतीत बसव."

जमालने बसवली.

"तिला कळलं पण नाय," बर्फ फोडणारा हळूच म्हणाला आणि जरा वेळाने, "मुंबईची ती भिंतभर मशिनं, ती सगळी ह्यात?"

"सगळी. उलट थोडी जागा शिल्लक हाय."

खरं म्हणजे जमाललाही रोज सकाळी झाकण उघडताना तितकंच आश्चर्य वाटे. हे यंत्र त्याने मुंबईच्या त्या उग्र माणसाकडूनच जुनं म्हणून घेतलं होतं. ज्या खोलीच्या दारात सतरा वर्षं बाकड्यावर बसून काढली, ती खोली आता आपल्या घरात, आपल्या बायकोच्या शिवणाच्या टेबलावर आहे, या विचाराने त्याला कधीकधी भरून येई.

महरीनची फिल्म मात्र त्या दिवशी पुरी व्हायलाच हवी होती. तिचे वडील अक्रम जहाजावर खानसामा होते. लेकीच्या लग्नाला त्यांना सुटी मिळाली नव्हती. ते त्या दिवशी संध्याकाळी, तेही चारच दिवसांसाठी, येणार होते आणि फोनवर त्यांनी बायकोला, इफ्फतला, बजावून ठेवलं होतं, "घरात पाऊल टाकलं की पयला पोरीचा निकाह बघणार. चहासुद्धा मागनं." इफ्फतने ते जमालला रोज एकदा ऐकवलं होतं.

त्यातून जमालने एक आगाऊपणा करून ठेवला होता. लग्न लॅपटॉपमध्ये उतरल्यावर कॅसेटी कशाला अडवून ठेवायच्या, म्हणून त्याने त्याच कॅसेटींवर मालगुंडचं एक लग्न उतरवलं होतं. सीडी काढायचं मशीन घरी होतं आणि घरी लाइट नव्हती. म्हणजे महरीनचं लग्न त्या घडीला जगात एकाच ठिकाणी होतं, आणि ते ठिकाण मुनिमाच्या टेबलावर होतं.

यंत्राला पिशवी नव्हती. खारी हवा आणि कारखान्यातली ओल यांच्यावर जमालच्या बायकोने, शमीमने, उपाय काढला होता. यंत्र प्लास्टिकच्या दोन जाड पिशव्यांत बांधायचं, त्यावर टॉवेल, आणि सगळं थर्मोकोलच्या मासळीच्या कोऱ्या पेटीत. "सुरमई मुंबईपर्यंत धक्का न लागता जाते," ती म्हणाली होती, "तर तुमचं हे घरापर्यंत नाय जाणार?"

काम संपलं. जमालने यंत्र बांधलं, पेटीला टेप लावली, पेटी दाराशी ठेवली आणि तो तिसऱ्या प्रहरच्या, असरच्या नमाजाला गेला. परत आला तर दाराशी पेटी नव्हती.

"हितली पेटी कुठं हाय?"

"गेली," पेट्या भरणारा म्हणाला. "काशीरामच्या गाडीत. दारात टेप लावलेली पेटी म्हंजे मुंबई."

जमालने दारातून बाहेर पाहिलं. रस्ता रिकामा होता.

"आणि काय हो जमालभाई, अशी कशी पाठवत होतात?" तो माणूस पुढे म्हणाला. "हलकी लागली म्हणून उघडून बघितली, तर वर नुसता फडका. बर्फच नाय. माल सडला असता तुमचा. मी दोन फावडी बर्फ घातला आणि परत टेप मारली."

त्याने हे अशा मायेने सांगितलं की जमालला ओरडताही येईना. काशीराम मासळीची गाडी घेऊन निघाला की महामार्गावरच्या हातखंब्याला चहा घेतल्याशिवाय पुढे जात नाही, हे साऱ्या बंदराला ठाऊक होतं. जमाल स्कूटरकडे धावला. स्कूटरने दहा लाथा खाल्ल्या आणि ती जागची हलली नाही. तेवढ्यात शेजारी एक रिक्षा थांबली. आत नवा बुरखा घातलेली, अत्तराच्या वासात बुडालेली इफ्फत होती.

"जमालभाई, खय निघालाव?"

"हातखंबा," तो बोलून गेला.

"मी पण तिकडंच जातंय. हे गोव्याच्या गाडीनं येतायत, नाक्यावर उतरणार. बसा पुढं."

नाही म्हणायला कारणही सुचेना. जमाल रिक्षावाल्याच्या शेजारी अर्धा आत अर्धा बाहेर असा बसला.

"फिल्म झाली ना?"

"झाली तर."

"घरी ठेवलाव?"

"थंड जागी ठेवलीय," जमाल म्हणाला आणि रिक्षावाल्याच्या कानात पुटपुटला, "जरा दाब रे."

रिक्षावाल्याने दाबलं. मिरजोळे मागे पडलं. चढ आला तसा जमाल आपोआप पुढे झुकला, जणू त्याने रिक्षा ओढली जाणार होती. समोर दिसणारा प्रत्येक ट्रक त्याला काशीरामचा वाटे आणि जवळ गेल्यावर त्यात जांभा दगड निघे.

"ह्यांना बघायची तुमाला एवढी घाई," मागून इफ्फत ओल्या आवाजात म्हणाली. "सख्खे भाऊ पण आले नाय हो घ्यायला."

जमालला त्या क्षणी रिक्षेतून उडी मारावीशी वाटली. पण उडी मारून हातखंबा जवळ येणार नव्हता.

नाक्यावर काशीरामची गाडी उभी होती. काशीराम हॉटेलच्या बाकावर बसून बशीतला शेवटचा चहा ओढत होता. जमालने त्याला कोपऱ्यात नेलं.

"काशीराम, गाडीत माझी पेटी हाय. खाली काढ."

"ऐंशी पेट्या हायत, जमालभाई. सगळ्या पांढऱ्या. काय हाय त्यात?"

"लग्न."

काशीरामने आधी जमालकडे आणि मग रिक्षेतल्या अत्तर लावलेल्या बाईकडे पाहिलं.

"कोणाचं?" त्याने दबकत विचारलं.

"तिच्या पोरीचं. बोलू नको, काढ."

काशीराम चाळीस वर्षं पेट्या उचलत होता. त्याने शिव्या घातल्या, पण वर चढून एकेक पेटी नुसती हलवून बघत गेला आणि बाराव्या पेटीला थांबला. "ही मासळी नाय," तो म्हणाला. पेटी खाली आली. जमालने टेप फाडली. वर बर्फाचा ढीग होता. तो हातांनी बर्फ उपसू लागला तशी इफ्फत जवळ आली.

"सुरमई आणलाव? ह्यांच्यासाठी?"

बर्फाखालून टॉवेल निघाला, टॉवेलमधून पिशवी, पिशवीतून पिशवी, आणि शेवटी लॅपटॉप. इफ्फतने सगळं मिळून एका दमात ओळखलं.

"म्हंजे माझ्या पोरीचं लग्न उद्या पहाटे मुंबईला मासळीच्या लिलावात लागणार होतं," ती म्हणाली. "ओरडून ओरडून."

जमाल उत्तर देणार तोच गोव्याची गाडी थांबली आणि दोन बॅगा, एक घोंगडी आणि पांढरी झालेली दाढी घेऊन अक्रम खाली उतरले. सलाम झाला. जमालच्या हातात ओला टॉवेल तसाच होता. अक्रमने लॅपटॉपकडे पाहिलं.

"ह्यात हाय?"

"होता," जमाल म्हणाला. "आता हाय काय ते बघायला लागेल."

रिक्षेच्या मागच्या सीटवर नवराबायको बसली. जमालने यंत्र अक्रमच्या मांडीवर ठेवलं, झाकण उघडलं आणि बटण दाबलं. काळी काच काळीच राहिली. काशीरामची गाडी सुरू होती, मुंबईचा बाजार त्याची वाट बघत होता, तरी तो रिक्षेच्या दांडीला धरून उभा राहिला. मग आत काहीतरी घुरघुरलं, काचेवर उजेड आला, आणि त्या उजेडात मेंदीचे हात घेऊन महरीन बसली होती.

काझीसाहेबांनी विचारलं, महरीनने मान खाली घालूनच कबूल म्हटलं, तसे अक्रमचेही ओठ हलले. ज्या निकाहच्या वेळी ते कुठल्यातरी समुद्रात तीस माणसांचा भात शिजवत होते, तो निकाह बर्फातून निघून हातखंब्याच्या नाक्यावर त्यांच्या मांडीवर लागत होता. जमालने आयुष्यात शेकडो लग्नं पाहिली होती. हे मात्र त्याला डोळे पुसत पाहावं लागलं.

"बर्फानं काय झालं नाय," काशीराम पुटपुटला. "ताजं ऱ्हायलं."

पंगत झाली. मावशी आपल्या जागी होती. मग पडद्यावर पाठवणीची गाडी दाराशी आली, महरीन उठली, तिथल्या इफ्फतने पदर डोळ्यांना लावला, आणि पडदा विझला.

"बॅटरी," जमाल घाईने म्हणाला. "घरी लाइट आली की पुढचं लावतंय. थोडंच ऱ्हायलंय. रुखसती."

अक्रम काळ्या काचेकडे बघत राहिले. "ह्यात कापता येतं म्हणे?"

"काय पण कापा."

"मग ते काप."

"काप म्हंजे?" इफ्फत उसळली. "माझं सगळं रडणं त्यातच हाय. जावेनं धरली म्हणून उभी होतंय मी."

"तू तिला जाताना बघितलीस," अक्रम म्हणाले. "मी निघालो तेव्हा ती दारात उभी होती. हात हलवत. माझी पोर अजून तिथंच हाय, इफ्फत."

गाड्या येत होत्या, जात होत्या. काशीराम आपल्या ट्रककडे वळला आणि उगाचच दोर घट्ट करू लागला. इफ्फतने नवऱ्याच्या मांडीवरलं झाकण हळूच मिटलं.

"जमालभाई, एका लग्नाच्या दोन फिल्मा होतील?"

मुंबईच्या बाकड्यावर बसणाऱ्या पूर्वीच्या जमालने यावर हात जोडून माफी मागितली असती. "होतील भाभी," तो म्हणाला. "हव्या तेवढ्या."

"मग माझ्यात रुखसती ठेवा," ती म्हणाली. "ह्यांच्यात महरीन घरीच ऱ्हाऊ दे."