लाल रेघांचा बंदोबस्त

"पाच मिनिटं! घड्याळ लावून बस, पाच मिनिटांत दुरुस्त करतो!" असं म्हणत इंजिनिअरनी बाह्या सरसावल्या.

त्यांना इंजिनिअर फक्त घरातच म्हणत. बाहेर ते पंख्यांच्या दुकानात विक्रेते होते. पण एकदा बंद पडलेला प्रिंटर त्यांनी नुसती वायर नीट खोचून चालू केला होता, आणि तेव्हापासून घरातल्या तमाम यंत्रांवर त्यांचं राज्य होतं.

बायकोचा जीव मात्र टांगणीला लागला होता. दवाखान्याच्या वेबसाईटचा मजकूर पाच वाजेपर्यंत भरून द्यायचा होता. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सगळ्या चुकांभोवती गोल काढून मजकूर परत पाठवला होता आणि बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला! आणि नेमका आजच ब्राउझरमधला चुका दाखवणारा तपासनीस लहरीपणा करत होता.

"अहो, काल या शब्दाखाली लाल रेघ होती. आज चूक तीच आणि रेघ गायब!"

"सेटिंग असणार," इंजिनिअर म्हणाले. नळ गळला तरी ते आधी हेच म्हणत.

त्यांनी ब्राउझर बंद करून चालू केला. ढिम्म! तपासणीची खूण काढून पुन्हा लावली. तरी ढिम्म! मग भाषांच्या यादीत शिरून त्यांनी कुठलीशी अनोळखी भाषा पुढे सरकवली, आणि अख्खं पान लालेलाल झालं.

"सापडल्या चुका!"

"अहो, माझं नावसुद्धा चूक? दवाखान्याचा पत्तासुद्धा?"

भाषा निमूट जागेवर गेली. चार वाजून गेले. इंजिनिअरच्या आई खांद्यावर फडकं टाकून मागे येरझारा घालत होत्या. घरात धुळीचा कण दिसला तरी त्यांना चैन पडत नसे.

"आता मुळावरच घाव!" इंजिनिअर गरजले. "सगळं पुसून ब्राउझर नव्यानं बसवतो!"

बसवला. वेबसाईटनं पासवर्ड विचारला.

"काय गं पासवर्ड?"

"मला काय माहीत? तो ब्राउझरला पाठ होता!"

बायकोच्या डोळ्यांत पाणी तरारलं. फोनवर नवा पासवर्ड येईपर्यंत इंजिनिअर प्रिंटरची वायर काढून पुन्हा खोचत बसले. शेवटी पान उघडलं, आणि काय आश्चर्य! प्रत्येक चुकीखाली ठसठशीत लाल रेघ!

"बघितलंस? पाच मिनिटं म्हणालो होतो की नाही?"

आनंदाच्या भरात बायको स्वतः चहा टाकायला उठली. इंजिनिअर पराक्रमाचं वर्णन करत मागोमाग स्वयंपाकघरात गेले. कप घेऊन दोघं परतली, तर पान कसं लख्ख! एकही रेघ नाही! आणि खुर्चीत आई, हातात माउस.

"किती घाण झाली होती रे! घेतलं सगळं आवरून."

"आई! काय केलंस तू?"

"तूच नाही का शिकवलंस? लाल दिसलं की उजवं बटण दाबायचं आणि 'शब्दकोशात जोडा' म्हणायचं, लगेच जातं! रोज केर काढून झाला की हेही करते मी. तुमचं कुठे लक्ष असतं?"

म्हणजे बायकोची एकेक चूक आई रोज स्वच्छ मनानं बरोबर ठरवत होत्या! बायकोनं नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याला चहा कडू लागला.

मग बायकोनं आईंचे ते सगळे शब्द शब्दकोशातून काढून टाकले, रेघा परतल्या, आणि तिनं दात-ओठ खात एकेक चूक दुरुस्त केली. पाचाच्या ठोक्याला मजकूर गेला. थोड्याच वेळात उत्तर आलं: "एकही चूक नाही! पुढचं कामही तुम्हीच करा." बायकोनं उडीच मारली!

त्याच संध्याकाळी घरात नवा नियम झाला. आईंनी स्क्रीन पुसायला हरकत नाही, पण फक्त फडक्यानं. इंजिनिअरना मात्र फडकंसुद्धा मिळालं नाही.