झेनाइदाचे सामायिक फडताळ

जगात जे मौल्यवान आहे ते वाट पाहिल्यावरच मिळते. म्हणून जी संस्था लोकांना वाट पाहायला लावते, ती लोकांना मौल्यवान गोष्टी देते, हे ओघानेच आले. गोष्ट प्रत्यक्षात मिळाली नाही, तरी या सिद्धांताला बाधा येत नाही.

बयामो शहरातले आमचे संगणन केंद्र या बाबतीत अख्ख्या क्युबात पहिले असावे. (दुसरे कोण, याची चौकशी राजधानीकडे केलेली आहे. उत्तराची वाट पाहत आहोत.)

केंद्राचे काम सोपे आहे. शहरातल्या कोणत्या गल्लीत नळाला कोणत्या दिवशी पाणी सोडायचे याचे वेळापत्रक करणे, आणि अशीच आणखी काही गणिते. ही गणिते आभासी यंत्रांवर होतात. आभासी यंत्र म्हणजे संगणकाच्या पोटात वसवलेला दुसरा संगणक. तो हाताला लागत नाही, पण कामावर असतो. (असे कर्मचारीही आमच्याकडे आहेत. त्यांची मोजदाद वेगळी होते.) नियम असा, की एक गणित झाले की ते यंत्र मोडायचे आणि पुढच्या गणितासाठी नवे उभारायचे. म्हणजे जुन्याची घाण नव्याला लागत नाही.

नवे यंत्र उघडेनागडे जन्माला येते. त्याला कामाचे करायचे तर सॉफ्टवेअरची शेकडो पुडकी दूरच्या भांडारातून तारेवरून मागवावी लागतात. आमची तार बारीक आहे. समोरच्या चौकात घोडागाड्या उभ्या असतात. त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या घोड्याला पुडकी आणायला पाठवावे, अशी सूचना एकदा आली होती. घोड्याचा वेग जास्त भरला, म्हणून सूचना अव्यवहार्य ठरली.

तार एक आणि विभाग पुष्कळ, तेव्हा रांग आली. ती पावाच्या दुकानासारखीच चालते. येणाऱ्याने मोठ्याने "शेवटचं कोण?" असे विचारायचे, जो शेवटचा असेल त्याने हात वर करायचा, की येणारा शेवटचा होतो आणि भिंतीला टेकतो. रांगेला एक रांगप्रमुख आहे. तो मी. मध्येच वीज गेली तर आलेली पुडकी टाकून द्यायची आणि पहिल्यापासून सुरू करायचे. याला केंद्राच्या भाषेत 'नव्या उत्साहाने उभारणी' म्हणतात. उन्हाळ्यात आमच्याकडे उत्साह फार असतो.

आता एक गोष्ट बाहेरच्या माणसाला खटकेल. पाणी विभागाने सकाळी आणलेली पुडकी आणि वाहतूक विभागाने दुपारी आणलेली पुडकी हुबेहूब एकच असतात. मग एकदा आणलेली सगळ्यांनी का वापरू नयेत? केंद्रातल्या खोल्यांमधल्या बोळात कॉफीची किटली एक आहे, कात्री एक आहे, जुन्या रशियन धुलाईयंत्राची मोटर काढून केलेला पंखा एक आहे. तो पंखा दर तासाला एकेका खोलीत जातो आणि कोणी भांडत नाही. शेजारणीकडे मीठ मागायला या शहरात कुणाला लाज वाटत नाही. पण पुडक्यांचे तसे नाही. पुडके ताजे लागते. त्यासाठी केंद्रात 'ताजेपणा समिती' आहे.

झेनाइदा माझी बायको. यंत्रांच्या खोलीत तिने सगळी नोकरी काढली, आणि ताजेपणा समितीवर त्या खोलीची सदस्यही तीच होती. नवे यंत्र उभारताना जो कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, चालतो तो तिने लिहिला, आणि तोच सगळे विभाग वापरतात. ती तो लिहीत होती तेव्हा मी तिच्या खुर्चीमागे उभा राहून "झालं का?" असे विचारत असे. रांगप्रमुखाला ते विचारावे लागते. एक दिवस तिने कंटाळून कार्यक्रमातच एक ओळ घातली. पुडकी येऊ लागली की पडद्यावर ती ओळ येते आणि शेवटचे पुडके येईपर्यंत तिथेच राहते:

"एवेलिओ, झालं का विचारू नकोस. विचारल्याने लवकर होत नाही. बस जरा."

एवेलिओ म्हणजे मी. सरकारी यंत्रावर खाजगी माणसाचे नाव कसे, अशी तक्रार झाली. चौकशी बसली. 'एवेलिओ ही तांत्रिक संज्ञा आहे' असा निष्कर्ष निघाला, आणि तो खराही ठरला. पुढे पुढे बोळात लोक म्हणू लागले, "वाहतुकीला आज दोन एवेलिओ लागले," किंवा "मी जरा पाव घेऊन येतो, अजून अर्धा एवेलिओ बाकी आहे." माझ्या नावाने काही मोजले जाईल असे माझ्या आईला वाटले नसेल.

सामायिक फडताळाची कल्पना झेनाइदाचीच. मुख्य संगणकावर एक जागा राखायची, कोणत्याही यंत्राने आणलेले पुडके तिथे ठेवायचे, पुढच्या यंत्राने आधी तिथे बघायचे आणि नसेल तरच तारेवर जायचे. तिने ती संचालक अर्सेनिओ यांच्यापुढे मांडली, तेव्हा मी रांगेसह दारात उभा होतो.

"झेनाइदा, यंत्रांना तू शिळं खायला घालणार?" संचालक म्हणाले.

"कॉम्रेड संचालक, तुमच्या डब्यात काल रात्रीचा भात आहे."

"तो भात माझा आहे. हे सरकारी आहे." मग त्यांनी पेन काढले. "योजनेचा उद्देश सांग."

"माझा नवरा जेवायला घरी यावा. तो येतो तेव्हा घेवड्याची आमटी थिजलेली असते आणि मी झोपलेली असते."

रांगेतले सगळे हसले. इतिवृत्तात उद्देश असा नोंदवला गेला: 'मनुष्यबळाचे वेळेत विमोचन.'

ताजेपणा समितीने योजनेचा सखोल विचार केला. फडताळातले पुडके खराब निघाले तर जबाबदार कोण, आणणारा की घेणारा? रांग संपली तर रांगप्रमुख, उपरांगप्रमुख आणि 'शेवटचं कोण' निरीक्षक यांचे काय करायचे? एका विभागाला दुसऱ्याच्या पुडक्याची सवय लागली तर उद्या तो दुसऱ्याचा पंखाही मागेल. (तो आधीच मागत होता, पण सवयीने, योजनेने नव्हे.) या शंका रास्त होत्या. त्यांचे निरसन चालू असताना झेनाइदा आजारी पडली, आणि फेब्रुवारीत गेली. योजना विचाराधीन राहिली. आमच्याकडे माणसापेक्षा विचाराधीन बाबींची प्रकृती चांगली असते.

मी दहा दिवसांनी कामावर आलो. संचालकांनी माझे सांत्वन केले आणि झेनाइदाच्या समितीवरच्या रिकाम्या जागी मला नेमले. अर्जदाराच्या नवऱ्याने समितीवर कसे बसायचे, असे मी विचारले. त्यांनी नियम काढून दाखवला. नियमात पत्नी म्हणजे हयात पत्नी.

त्या सकाळी पाणी विभागाचे यंत्र उभारायला घेतले होते. पडदा उजळला आणि ओळ आली. मी खुर्ची ओढली आणि बसलो. ती म्हणालीच होती, बस जरा.

तेव्हापासून मी रोज बसतो. बऱ्या दिवशी ओळ दुपारपर्यंत टिकते. वीज नीट गेली, म्हणजे पुन्हा पुन्हा गेली, तर संध्याकाळपर्यंत. दिवे गेले की सगळा बोळ उसासा टाकतो. मी टाकत नाही. दिवे आले की ओळ पुन्हा पहिल्यापासून येते, माझ्या नावापासून. केंद्राच्या कार्यपद्धतीविषयी कर्मचाऱ्यांचे समाधान यंदा मोजले गेले, त्यात पूर्ण समाधानी असा एकच कर्मचारी निघाला.

फडताळ आले तर सगळी पुडकी जागच्या जागी मिळणार होती, आणि ओळ डोळ्याची पापणी लवेपर्यंत राहणार होती. समितीचा निर्णय एकमताने व्हावा लागतो. इतर सदस्यांच्या शंका एव्हाना दमून गेल्या होत्या. शिल्लक राहिलो मी. मी जबाबदार सदस्य म्हणून शंका काढल्या. फडताळाला उंदीर लागणार नाहीत कशावरून? (आभासी उंदीर, असे मी स्पष्ट केले.) मार्चमधले पुडके जूनमध्ये वापरताना ऋतुमानाचा विचार केला आहे का? पुडक्यांनी एकत्र राहण्याला पुडक्यांची संमती आहे का? संचालकांनी प्रत्येक शंका आदराने उतरवून घेतली. इतका बारकाईने विचार करणारा सदस्य समितीला मिळाला नव्हता, असे ते म्हणाले.

पाणी विभागाची प्रमुख मिग्दालिया आहे. झेनाइदाची मैत्रीण, आणि तोंडाने झेनाइदाहून वाईट. जूनमध्ये ती कॉफीच्या किटलीपाशी मला आडवी आली. किटलीत कॉफी कमी आणि तिच्यात मिसळलेली भाजलेल्या वाटाण्यांची पूड जास्त होती.

"उंदीर?" ती म्हणाली. "एवेलिओ, उंदीर? बोलताना तुझी जीभ कशी अडखळली नाही?"

"आभासी उंदीर."

"थोबाड फोडीन. आभासी नाही, खरं." तिने कप माझ्या हातात दिला. "मंगळवारी माझ्या गल्लीत पाणी आलं. ठाऊक आहे कुणाला कळलं? कुणालाच नाही. घरात कुणी नव्हतं. सगळी गल्ली इथं आली होती, केंद्राच्या दारात. पाणी कधी येणार ते विचारायला. परत गेली तेव्हा नळ ठणठणीत कोरडा. माझी सासू बादली मांडीवर घेऊन बसली होती, म्हणाली, तुमचं केंद्र तेवढं हुशार, पाण्याला बरोबर चुकवतं."

मी कपावर फुंकर घातली. कॉफी गरम होती.

"तू माझ्या खोलीत रोज का बसतोस ते कळत नाही आम्हाला, असं वाटतं तुला? आम्ही पडद्यासमोरून जाताना वाकून जातो, म्हाताऱ्या. तुला आड येऊ नये म्हणून. सगळा विभाग वाकून चालतो. माझी कंबर गेली."

हे मला माहीत नव्हते. मला वाटले होते, खोलीचे छत त्यांना खाली वाटते.

"फोटो काढ ना त्या ओळीचा," ती जरा हळू आवाजात म्हणाली. "मोठा करून देते. भिंतीला लाव घरी."

"फोटोत ती बस म्हणेल. पण कशासाठी बसायचं? तिथं काही येत नसतं."

मिग्दालियाने किटलीचे झाकण लावले. "आणि फडताळ कुणी मागितलं होतं? मी? तिनं मागितलं. तू जेवायला घरी यावास म्हणून. सगळ्या रांगेसमोर म्हणाली. आता तूच तिच्या कागदावर बसलास."

"तिनंच बस म्हटलंय."

"एवढ्या वर्षांत तिचं एक ऐकलं नाहीस," मिग्दालिया म्हणाली, "आणि ऐकलंस ते हे?"

पुढच्या बैठकीत संचालकांनी विचारले, शंका आहे? मी हात वर केला. संचालकांनी सवयीने लिहायला पेन उचलले. मी म्हटले, शंका नाही, मत आहे. योजना एकमताने मंजूर झाली. अर्जदाराचे अभिनंदन करण्याचा ठराव झाला, आणि अर्जदार गैरहजर असल्याने तो पुढे ढकलला गेला.

फडताळ झेनाइदाने लिहून ठेवल्याप्रमाणे जोडले. पहिले यंत्र पुडकी आणून फडताळ भरत गेले, त्याला अख्खा दिवस लागला. त्या दिवशी ओळ संध्याकाळपर्यंत होती. मी बसलो होतो आणि पाणी विभागाचे लोक वाकून जात होते. दुसऱ्या दिवशी दुसरे यंत्र उभारायला घेतले. मिग्दालियाने कळ दाबली. मी खुर्ची ओढेपर्यंत पडदा उजळला, ओळ आली आणि गेली. मला पहिले दोनच शब्द वाचता आले.

"एवेलिओ, झालं".

यंत्र तयार होते. मिग्दालियाने माझ्याकडे बघितले नाही. ती गल्ल्यांची यादी घालत बसली, फार नेटाने.

योजनेचे फलित उत्तम आहे. पाण्याचे वेळापत्रक आता पाणी येण्याच्या आधी लागते. सुरुवातीला लोकांचा विश्वास बसेना, आणि काही जण जुन्या सवयीने केंद्राच्या दारात येऊन "शेवटचं कोण?" असे विचारत. दारात कुणीच नसे, तेव्हा ते घाबरत. रांग बरखास्त झाली. 'शेवटचं कोण' निरीक्षकांना फडताळ निरीक्षक करण्यात आले आहे. ते दिवसातून दोनदा फडताळ ताजे आहे का ते बघतात. एवेलिओ हे माप व्यवहारातून गेले, कारण त्याने मोजण्यासारखे काही उरले नाही.

उद्दिष्टाबद्दल सांगायचे तर, योजना सुरू झाल्यापासून मनुष्यबळाचे विमोचन ठरल्या वेळी होते. मी पाच वाजता घरी असतो. बाहेर लख्ख ऊन असते. घेवडा शिजवतो, तो थिजत नाही, गरम खातो. उद्दिष्ट शंभर टक्के साध्य झाले आहे, आणि वार्षिक अहवालात मी तसेच लिहून दिले आहे.

या अनुभवाचा लाभ सर्वांना व्हावा, म्हणून वाचकांना केंद्रातर्फे एक सूचना आहे. आपल्या घरीही कुणीतरी निघताना वेळ लावत असेल. चपला घालून झाल्यावर पुन्हा आत जात असेल, किंवा सांगत असलेली गोष्ट फार लांबवत असेल. अशा वेळी दारात उभे राहून "झालं का?" असे विचारत राहावे. विचारल्याने लवकर होत नाही, हे झेनाइदाचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चूक होते. तुम्ही विचारत राहा. एके दिवशी कुणासाठीच थांबावे लागत नाही.