भोपळ्यावरचा पहिला घाव

या, अशा जवळ बसा. लांबून ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही. आणि पिशवीतून तो प्लास्टिकचा भोपळा डोकावतोय ना, तो आधी आत ढकला बघू. नातवंडांना हॅलोविन करायचंय म्हणून दुकानातून भुतं विकत आणता? घरात पीठ आहे, गूळ आहे, दोन धड हात आहेत, आणि तरी? आमची ताराक्का असती तर तिने तुम्हाला तुमच्याच स्वयंपाकघरातून बाहेर काढलं असतं.

ही ताराक्का अख्खा भोपळा स्वतः कधी चिरत नसे.

बाईने अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी लावू नये, भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, तेव्हा पुरुषाने एक घाव घालावा आणि मग बाईने खुशाल फोडी कराव्यात, हे मीही लहानपणी ऐकलं होतं. ऐकलं आणि सोडून दिलं. ताराक्काने सोडलं नव्हतं. ऐंशीच्या सुमारास आम्ही बहरीनला उम्म अल हस्समच्या एका इमारतीत राहत होतो. समोरच्या फ्लॅटमध्ये विलास आणि त्याची बायको. तो सित्राच्या रिफायनरीत शिफ्टवर, ती मनामात ऑफिसला. त्यांच्या दोन मुली सांभाळायला मालवणकडून विलासची आई आली, ती ही.

आल्याच्या चौथ्या दिवशी मी जिना चढत होते. वर पाहिलं तर नऊवारीतली एक ठेंगणी बाई, कमरेवर मूल घ्यावं तसा भोपळा, दुसऱ्या हातात हातभर सुरी. खालून गॅसवाला सिलिंडर घेऊन येत होता. ती त्याच्या वाटेत उभी राहिली आणि म्हणाली, "एक घाव घाल, फुडला मी बघतंय." तो बिचारा केरळचा. सिलिंडर तिथेच टेकवून तो जो पळाला, तो मी खाली जाऊन समजूत घालेपर्यंत परतला नाही.

पण माणसं सरावतात. वॉचमन सरावला, पोस्टात काम करणारा वरचा तमिळ शेजारी सरावला. एकदा पांढऱ्या झग्यातले आमचे बहरीनी घरमालक गच्चीवरची टाकी बघायला आले, तर त्यांच्याही हातात तिने सुरी दिली. त्यांनी शांतपणे बिस्मिल्ला म्हणून घाव घातला. ताराक्का म्हणाली, "खलास." अरबी तिला एवढंच यायचं, पण जिथे हवं तिथे यायचं. संध्याकाळी त्यांच्या घरी डबाभर घारगे पोचले. पुढे ते टाकी बघायला जरा जास्तच येऊ लागले.

सगळ्या इमारतीला जिंकलेली ही बाई एका ठिकाणी मात्र हरत होती. थोरली नात पमी, नऊ वर्षांची. धाकटी छोटी पाच वर्षांची, ती आजीच्या पदराला धरूनच असायची. पमी इंग्रजी शाळेतली. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. आजीशी तर तेही नाही. शाळेच्या बसपाशी येऊ नकोस, असं तिने आईकरवी सांगवलं होतं. का, ते कोणी बोललं नाही. ताराक्का तेव्हापासून बसच्या वेळी तळमजल्यावरच्या लोखंडी जाळीमागे उभी राहायची. बस हलली की वर यायची आणि मला सांगायची, जरा पाय मोकळे करून आले.

मग ते हॅलोविन आलं. पमीच्या वर्गात एक गोरी मुलगी होती, तिच्या कंपाउंडमध्ये पार्टी होती. प्रत्येकाने कोरलेला भोपळा आणि काहीतरी खाऊ न्यायचा. आईला सुट्टी नव्हती. पमी दोन दिवस तोंड फुगवून बसली. आजीने विचारलं तर म्हणाली, "यू वोन्ट अंडरस्टँड."

ताराक्का माझ्याकडे आली. हे काय असतं ते मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं, की पोरं भुतांची सोंगं घेतात आणि दारोदार खाऊ मागतात. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"अगो, ह्यो तर आमचो शिमगोच. आमी नाय दारोदार शबय मागत फिरत सोंगां घेऊन? आणि भुतां काय माका नवी?"

पार्टीच्या दिवशी सकाळी तिने माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मी तीस वर्षं रांधत होते, पण त्या दिवशी मी नुसती बघत उभी होते. शंकरपाळ्याचं पीठ घेऊन तिने बोटं वळली, दोन जागी सुरीने चिरा देऊन पेरं केली आणि टोकाला सोललेला बदाम नख म्हणून दाबला. तळून निघाली तेव्हा मला माझीच बोटं मोजून बघावीशी वाटली. खजुरातल्या बिया काढून, दोन्ही बाजूंना शेवेच्या काड्या खोचून कोळी केले. खोबऱ्याच्या लाडवात मनुका रुतवून डोळे केले, आणि ते ताटात असे मांडले की सगळे आपल्याकडेच बघतायत. आमच्या यांच्या ऑफिसातल्या जुन्या कार्बन पेपरची वटवाघळं कातरली. छोटीला जुन्या पंच्याचं भूत केलं. शाळेतून आलेली पमी दारात उभी राहून हे बघत होती. आत येत नव्हती, पण जातही नव्हती.

उरला भोपळा. मनामाच्या बाजारातून आणलेला, तांबडा, चांगला गरगरीत. विलास दोनला सुटणार होता. अडीचला कंपनीची बस आली, विलास नाही. बसमधल्याने निरोप दिला की त्याला पुढच्या शिफ्टलाही थांबवून घेतलंय. पाचला पार्टी.

ताराक्का सुरी घेऊन जिन्यात गेली. दुपारची वेळ, वॉचमनच्या खोलीला कुलूप, तमिळ शेजारी ड्युटीवर, घरमालक गावाला, आमचे हे ऑफिसात, आमचा मुलगा भारतात शिकायला. साडेतीनला ती तशीच परत आली. शेवटी मी म्हटलं, आक्का, द्या इकडे, मी चिरते. तिने भोपळा पोटाशी ओढला.

"तुझ्या घरात झील आसा. तू हात लावू नको."

"आक्का, माझ्या मुलाला काही होत नाही, हे सगळं आपलं असंच म्हणतात हो."

दारातून पमीने विचारलं, इंग्रजीतच, की आजी स्वतः का नाही कापत. मला वाटलं, आता काहीतरी गंमत करून उडवेल. पण ती खाली बसली, भोपळा मांडीवर घेऊन, आणि पमीला सांगू लागली.

"तुझ्या बापाशीच्या वर एक होतो. माझो थोरलो. घोव, तुझो आजो, दर्यात तारवार गेललो, घरात पोरां भुकेली, भोपळ्याशिवाय काय नाय. मीच सुरी घातलंय. त्याच म्हयन्यात त्येका ताप इलो, आणि तो गेलो." भोपळ्यावर हात फिरवत म्हणाली, "डॉक्टरान सांगल्यान, ताप तसलोच होतो. आसात तसांच. पण सुरी माझ्याच हातात होती मगे."

घरमालक, गॅसवाला, तो सगळा जिन्यातला तमाशा माझ्या डोळ्यांपुढून गेला. इतके दिवस आम्ही हसलो होतो.

पमी आत आली. आजीच्या समोर मांडी घालून बसली. आणि मराठीत म्हणाली, "आजी, मला कुठे मुलगा आहे? मी कापते."

ताराक्काने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ह्यां माका इतक्या वर्सात सुचाक नाय," ती म्हणाली, आणि सुरी तिच्या हातात दिली. स्वतः दोन्ही हातांनी भोपळा धरला. पमीने जीभ दातात धरून घाव घातला. वाकडाच बसला.

"खलास. फुडला मी बघतंय."

पुढचं मी या डोळ्यांनी पाहिलंय. नारळाच्या खवणीने तिने आतला गर असा काढला की साल उन्हात आरपार तांबडी दिसावी. दशावतारातल्या राक्षसासारखे दात, चढवलेल्या भुवया, आणि पमीचा तो वाकडा घाव तसाच ठेवून त्याचं हसू केलं. आत दिवाळीतली पणती लावली. गराचे घारगे झाले, तेही डब्यात भरले.

पावणेपाचला मुली खाली गेल्या आणि पमी पुन्हा वर आली. म्हणाली, "आजी, चल ना." ताराक्का चपला शोधत होती, पण त्या पायातच होत्या.

त्या पार्टीत तिच्या नऊवारीला उत्तम सोंगाचं बक्षीस जाहीर झालं. पमीने उठून सगळ्यांना सांगितलं की हे सोंग नाही, ही माझी आजी आहे, ती रोज अशीच असते. बक्षिसाचा बिस्किटांचा डबा मात्र त्यांनी परत घेतला नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून जाळीमागे कोणी उभं राहिलं नाही. बसपाशी उभं राहिलं.

पुढे मुली शिकायला पुण्याला गेल्या, ताराक्का गावाकडे परतली. एका वर्षी मला तिचं पत्र आलं, शेजारच्या मुलीकडून लिहवून घेतलेलं. परड्यातल्या वेलाला भोपळा धरला होता, तो काढून तिने माळ्यावर ठेवला होता. पुरुष म्हणे वाडीत पुष्कळ आहेत, रोज कोणी ना कोणी विचारतो, आक्का, घालू काय घाव? तिने लिहवलं होतं, मी कोणाला हात लावू देत नाही. सुट्टीवर येशील तेव्हा वाटेत पुण्याला उतर. आणि शेवटची ओळ त्या मुलीने आक्काच्याच शब्दांत लिहिली होती:

"पमीक घेऊन बेगीन ये गो. भोपळो रवतलो, पण किती दिस?"