तिसरा पंप

बटण दाबताच विहिरीतला पंप एकदा गुरगुरला आणि घरातले दिवे, पंखा, फ्रीज सगळे एकदम गप्प झाले.

"आता काय झालं?" स्वयंपाकघरातून बाईंनी विचारलं.

"काही नाही. पंप सुरू होतोय," सर म्हणाले.

"मग बाकीचं जग का बंद पडलं?"

सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक. विजेची तार जिथे पोचली नव्हती तिथे त्यांनी हौसेनं घर बांधलं होतं. छपरावर सौर पॅनल, जिन्याखाली बॅटऱ्या, अंगणात विहीर. पंप मात्र साडूभाऊंच्या सल्ल्यानं आणला होता. "घ्यायचा तर दणदणीत घ्या, नाहीतर कळशी घ्या!" हा त्यांचा सल्ला. दणदणीत पंप सुरू होतानाच एवढी वीज ओढायचा की जिन्याखालचा इन्व्हर्टर मान टाकायचा.

आणि रविवारी व्याही आणि विहीणबाई येणार होते. लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच राहायला येत होती.

दुकानदारानं पंप बदलून लहान दिला. तो बिचारा गुणी निघाला. दिवे लागलेलेच राहिले. पण पाणी छपराच्या टाकीपर्यंत चढेना. अर्ध्या भिंतीपर्यंत जाऊन पाइपातच बसून राही. बाईंनी शिडीवर चढून टाकीला कान लावला.

"येतंय का?" खालून सरांनी विचारलं.

"धापा टाकल्याचा आवाज येतोय. पंपाचा की तुमचा, ते कळत नाही."

सरांना त्या रात्री झोप लागली नाही. आयुष्यभर पोरांना नद्यांचे उगम पाठ करायला लावले, आणि आपल्याला आपल्याच अंगणातलं पाणी छपरावर नेता येऊ नये! सकाळी ते पडेल चेहऱ्यानं पुन्हा दुकानात गेले. दुकानदारानं त्यांना बसवलं, विहिरीची खोली विचारली, टाकीची उंची विचारली, पॅनल किती ते विचारलं आणि तिसरा पंप काढला. "हा थेट उन्हावर चालतो, सर. बॅटरीला हातच लावत नाही. ऊन आहे तोवर पाणी!"

शनिवारी दिवसभर आभाळ भरलेलं. पंप ढिम्म. सर खुर्ची टाकून आकाशाकडे बघत बसले. बाईंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं, हे अधिक भयंकर होतं.

रविवारी मात्र लख्ख ऊन पडलं आणि पंपानं टाकी काठोकाठ भरली. घरात आनंदीआनंद! बाईंनी साठलेल्या चादरी धुवायला काढल्या. साडूभाऊंनी येऊन आपली गाडी धुतली आणि "मी म्हटलंच होतं, दणदणीत घ्या," असं वर म्हणून घेतलं. व्याही फाटकातून आत आले तेव्हा सर हातात नळी घेऊन उभे होते. पाण्याची धार त्यांनी थेट कुंपणापलीकडे उडवून दाखवली.

"वा, सर! एवढं पाणी आमच्याकडे शहरातही नाही," व्याही म्हणाले. "आधी मस्त आंघोळच करतो."

थोड्या वेळानं न्हाणीघरातून हाक आली. "अहो सर! नळाला काय झालं? मी साबण लावून उभा आहे हो!"

टाकी रिकामी होती. पंप बंद होता. सर विहिरीकडे धावले आणि वाकून बघताच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. विहिरीचं तर त्याआधीच पळालं होतं. तळाशी ओला गाळ तेवढा चमकत होता.

बाईंनी प्यायच्या पाण्याचा माठ उचलला आणि न्हाणीघराच्या दाराशी नेऊन ठेवला. सरांनी दुकानदाराला फोन लावला.

"बंद पडला? छान!" दुकानदार खूश होऊन म्हणाला. "पाणी संपलं की तो आपोआप बंद होतो, जळत नाही. पंप एक नंबर आहे, सर. आता फक्त त्याला शोभेल अशी विहीर बघा."